देगलूरला काय सांगायचं

बार्शी मागे पडली तशी बस निम्मी रिकामी झाली आणि मला खिडकी मिळाली. फेब्रुवारी संपत आला होता. हरभरा निघाला होता. काही रानांत करडई अजून उभी होती, वाळून काटेरी झालेली. मी कंपन्यांमधल्या मॅनेजरांना शिकवते. माणसं कशी सांभाळायची, चूक कशी दाखवायची, वाईट बातमी कशी द्यायची, असलं सगळं. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत आयुष्याची बरीच वर्षं यातच गेली, पण मराठवाड्यात कामासाठी पहिल्यांदाच निघाले होते. लातूरच्या एका पशुखाद्याच्या कंपनीने बोलावलं होतं. दोन दिवस लातूरला वर्ग, मग नांदेड बघायचं, गोदावरीकाठी जरा बसायचं आणि तिथूनच रेल्वेने घरी. बेतात देगलूर नव्हतं.

लातूरला उतरले तेव्हा ऊन कलत होतं. रिक्षातून जाताना दोन्ही बाजूंना शिकवण्यांचे फलक आणि त्यांवर यशस्वी मुलामुलींचे चेहरे दिसत होते. रिक्षावाल्याने आरशातून पाहत विचारलं, "क्लाससाठी आलात का मॅडम? पोरगं नीटला हाय का?"

"क्लास घ्यायलाच आलेय. पण मॅनेजर लोकांचा."

"मॅनेजरला बी क्लास लागतो?" तो मनापासून हसला. "मंग आमच्या मालकाला बी बसवा एक दिवस."

मीही हसले. लातूर मला आवडायला लागलं होतं.

सकाळी हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना शेंगदाण्याचा कूट आणि हिरव्या मिरचीची फोडणी) खाल्ली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कारखाना गावाबाहेर होता. फाटकातून आत जाताच ढेपेचा (सरकीच्या पेंडीचा) तेलकट गोड वास आला आणि तो दोन दिवस माझ्या साडीला राहिला.

निलंगा, उदगीर, अहमदपूर, कंधार, देगलूर अशा ठिकठिकाणच्या डेपोंचे मॅनेजर आले होते. सगळ्यांचे शर्ट कडक इस्त्रीचे. मी बोलले ते सगळं त्यांनी उतरवून घेतलं. मधे एक विनोद केला, तर तोही लिहून घेतला. इतका मन लावून ऐकणारा वर्ग मला क्वचितच मिळाला असेल. मी खूश होते.

चहाच्या सुट्टीत एक उंच, चाळिशीचे गृहस्थ जवळ आले. मिलिंद वाघमारे, देगलूर डेपोचे मॅनेजर. घर नांदेडला, रोजचं जाणं-येणं.

"मॅडम, एक विचारू का? आमचे मार्क तुम्ही कुणाला देणार?"

"कसले मार्क?"

"न्हाई, म्हणजे कोण राहणार, कोण जाणार त्याचे. दिवाळीला कंपनी विकली गेली. तवापासून सगळे म्हणून राहिले की ट्रेनिंगमध्ये निवडणार."

"असं काही नाही हो. असतं तर मला सांगितलं असतं त्यांनी."

त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्यांनी जाऊन ते बाकीच्यांना सांगितलं, आणि दुपारनंतर वर्गात जरा हशा-बोलणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी कठीण बातमी देण्याचा विषय होता. कंपनीने तो मुद्दाम मागून घेतला होता. मी नेहमी सांगते तेच सांगितलं. बातमी पहिल्याच वाक्यात द्या. कंपनीच्या नावाआड लपू नका. सांगून झालं की गप्प बसा, समोरच्याला बोलू द्या. आणि उठून जाऊ नका. मग सरावासाठी वाघमारेंना मॅनेजर केलं आणि कंधारचे मॅनेजर केंद्रे यांना हमाल. वाघमारेंनी आपल्या डेपोतल्या हमालाचंच नाव घेतलं.

"सायलू, या महिन्यानंतर तुझं काम राहणार नाही. हे तुला माझ्या तोंडूनच कळायला पाहिजे, म्हणून मी सांगतोय."

केंद्रेंनी भांडायचं, असं ठरलं होतं. ते भांडलेच नाहीत. खाली बघत म्हणाले, "मग मी पोरीला काय सांगू?" त्यांची मुलगी लातूरलाच खोली घेऊन शिकवणीला होती, हे मला मागाहून कळलं. मग केंद्रेंनी चेहऱ्यावरून हात फिरवला, हसले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर कारखान्याचे प्रमुख जाधव यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा सांगितला. वर्ग कसा झाला ते विचारलं, आणि सहज बोलल्यासारखे म्हणाले, "देगलूर आणि कंधार, दोन्ही डेपो मार्चअखेर बंद होतायत. त्या दोघांचा सराव चांगला झाला म्हणे?"

मी कप खाली ठेवला. "आणि ते दोघे स्वतः?"

"तेही जातील. पण आधी आपापल्या माणसांना सांगतील. गडबड न होता झालं पाहिजे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"त्यांना आजच सांगा. ते बाहेरच उभे आहेत."

"मुंबईहून नव्या मालकांचं पत्र येईल तेव्हा. तोवर नाही."

"हे बरोबर नाही, जाधव साहेब."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. वाईट माणूस वाटला नाही मला. थकलेला वाटला. "मॅडम, माझं नाव कुठल्या मीटिंगमध्ये कोण घेतंय, हे तरी मला कुठं ठाऊक आहे? तुम्ही ट्रेनिंग द्या. तेवढंच तुमच्याकडे आहे."

नांदेडला जायला वाघमारेंनी आपल्या गाडीत जागा देऊ केली होती. सकाळी ते हॉटेलवर आले ते शीळ घालतच. प्रमाणपत्र मागच्या सीटवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं होतं. चाकूर, अहमदपूर गेलं. बालाघाटाच्या उघड्या टेकड्यांवर पळसाला फुलं होती. वाघमारे सारखे डेपोबद्दल बोलत होते. पत्र्याच्या शेडपासून त्यांनी तो उभा केला होता. हिशेब सांभाळणारी शाहीन गिऱ्हाइकाशी तेलुगू, कानडी, मराठी, ज्याला जी येईल ती बोलते. सायलू पाऊस असो की ऊन, गाडी भरल्याशिवाय जेवत नाही.

"बाबा म्हणायचे, आरक्षणात बसतोस, सरकारी नोकरी बघ. मी म्हणलं, न्हाई बाबा, मी माणसं उभी करीन. आता मला वाटून राहिलं, बरं केलं."

मी खिडकीबाहेर बघत होते. सांगितलं तर दिलेल्या कामाशी बेइमानी, आणि नाही सांगितलं तर या माणसाला दोन दिवस जे शिकवलं ते सगळं खोटं.

लोह्याला धाब्यावर थांबलो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आली. त्यांनी पहिला घास मोडला आणि मी बोलून टाकलं, पहिल्याच वाक्यात.

"वाघमारे, तुमचा डेपो बंद होणार आहे."

त्यांनी घास ताटात ठेवला. "कवा?"

"मार्चअखेर."

"आणि मी?"

"तुम्हीही."

समोरच्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जात होते. त्यांनी सगळे जाऊ दिले. मग म्हणाले, "कागद यायच्या आत मीच सांगतो माझ्या मानसांना. तुम्ही शिकवलं तसंच. येता का देगलूरला?"

मी हो म्हणाले. मला वाटलं, निदान एवढं तरी धड होईल.

नांदेडला त्यांच्या घरी थांबलो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मुलांची बक्षिसं. पत्नी सुजाता एका खासगी शाळेत शिकवत होत्या आणि माझ्यासाठी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. त्यांनी प्रमाणपत्र पिशवीतून काढलं, मोठ्याने वाचलं आणि मला आग्रहाने वाढता वाढता विचारलं, "आता तरी प्रमोशन होईल ना ह्यांचं, मॅडम?"

मी वाघमारेंकडे बघितलं. ते म्हणाले, "बघू."

गाडीत बसल्यावर स्वतःहूनच बोलले, "तिला संध्याकाळी सांगतो. एका दिवसात दोनदा जमणार न्हाई मला."

नांदेड मी पाहिलं ते असं, गाडीतून. लांबून गुरुद्वाऱ्याचा कळस, पुलावरून गोदावरीचं संथ हिरवट पाणी. मग नायगाव, नरसी. हळूहळू दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं दिसू लागली.

देगलूरच्या गोदामाच्या दारात सगळे उभे होते. मला वाटलं, बातमी पोचली. तसं नव्हतं. शाहीनच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या सायलूच्या हातात झेंडूचा हार.

"साहेब ट्रेनिंग करून आले," सायलू म्हणाला आणि टाचा उंचावून त्याने हार वाघमारेंच्या गळ्यात घातला.

वाघमारेंनी हार काढून टेबलावर ठेवला. सगळ्यांना पोत्यांवर बसवलं, स्वतः समोर खुर्ची घेतली. आवाज शांत होता.

"आपला डेपो मार्चअखेर बंद होणार हाय. आपल्या सगळ्यांचं काम जाणार. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं, म्हणून मी आलो."

मग ते गप्प बसले. मी आजवर इतक्या लोकांना हे शिकवलं, पण इतकं स्वच्छ कुणी केलेलं पाहिलं नव्हतं.

मग सायलूने विचारलं, "आणि तुमी, साहेब?"

"मी बी."

शाहीनने ओढणी सारखी केली. रागावून नाही, अगदी हळू म्हणाली, "निकालनाच है तो ट्रेनिंग कायकू (कशाला) देते, सर?"

वाघमारेंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. "ते खरं सांगतायत. त्यांचीही नोकरी जाणार आहे. मला पक्कं माहीत आहे."

"तुमी कोन?" सायलूने विचारलं.

"मी ट्रेनिंग देणारी."

"मंग बराबर हाय," तो म्हणाला. सगळं समजल्यासारखी मान हलवून तो उठला आणि बाहेर गेला. मागोमाग बाकीचे गेले. साहेबांनी आपली जागा राखली, आम्हाला विकलं, वर सांगायला पुण्याची बाई आणली, असं बाहेर कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. कुणीतरी लातूरला फोन लावला होता.

वाघमारे खुर्चीवरून उठले नाहीत. उठून जाऊ नका, असं मीच सांगितलं होतं. ते बसून राहिले, कुणी परत येईल म्हणून. दाराशी फक्त शाहीन उभी राहिली, तीही पाठ करून.

जाधवांचा फोन आला. मला इकडचंच बोलणं ऐकू येत होतं. "होय सर. मीच सांगितलं. न्हाई, कुणी सांगितलं न्हाई, अंदाज आला." मी हात पुढे केला, फोन द्या म्हणून. त्यांनी मान हलवली. "आजच? बरं सर." फोन ठेवून त्यांनी खिशातून गोदामाच्या किल्ल्या काढल्या आणि शाहीनला हाक मारून टेबलावर ठेवल्या. तिने वळून पाहिलं, पण किल्ल्यांना हात लावला नाही.

"शाहीन, सायलूला सांग," ते म्हणाले, आणि काय सांग ते त्यांना सुचलं नाही.

परतीच्या रस्त्यावर नरसीच्या पुढे मी जाधवांना फोन लावला. म्हटलं, "वाघमारेंना मी सांगितलं. त्यांना काढू नका. जबाबदारी माझी आहे."

"तुम्ही आमच्याकडे नोकरीलाच नाही, मॅडम," ते म्हणाले. "जबाबदारी घेऊन काय करणार?" आवाज चढलेला नव्हता.

नांदेड स्टेशनवर वाघमारे माझी बॅग घेऊन प्लॅटफॉर्मपर्यंत आले. मी नको म्हणत होते. गाडी लागलेली होती. मी माझी जागा शोधून खिडकीशी बसले, तर ते तिथे येऊन उभे राहिले. घरी जाऊन सुजाताताईंना सांगायचं अजून बाकी होतं.

"मॅडम, खरं सांगा. मी चुकलो कुठं?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. पहिलं वाक्य, आवाज, थांबणं, सगळं आठवून पाहिलं. काहीतरी सापडावं असं मला फार वाटत होतं. म्हणजे त्यांना तेवढं तरी देता आलं असतं.

"कुठंच नाही," मी म्हणाले.

ते खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. "चुकलो असतो तर पुढच्या वेळी सुधारलं असतं. आता काय सुधारू?"

गाडी हलली. त्यांनी हात केला, रीत म्हणून. मग मी पाहिलं, ते बाहेर न जाता प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर बसले.

नंतर मी बऱ्याचदा फोन केला. ते नीट बोलतात. नांदेडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये विक्रीला लागले आहेत. कंधारच्या केंद्रेंनी कागद येईपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही. त्यांच्या माणसांनी त्यांच्यासाठी निरोप समारंभ केला. सायलू वाघमारेंचा फोन उचलत नाही. एकदा बाजारात समोरून आला आणि रस्ता ओलांडून गेला, एवढंच त्यांनी सांगितलं.

पुण्याला येऊन मी वर्ग घ्यायचं थांबवलेलं नाही. दुसरं काही मला येत नाही. बातमी पहिल्याच वाक्यात द्या, लपू नका, उठून जाऊ नका, हे मी अजूनही सांगते, कारण याहून बरं काही मला माहीत नाही. मागच्या बाकावरून एखादा तरुण मॅनेजर विचारतो, "आणि मग काय होतं, मॅडम?" पूर्वी मी लगेच उत्तर द्यायचे की लोकांचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो. आता मी पाणी पिते आणि पुढचा मुद्दा घेते.