विंगेतला खोकला

प्रॉम्प्टर जळतो, अशी कुजबुज होती. बावीस वर्षं दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, स्वतःच्या वाट्याला एकही आलं नाही, म्हणून पन्नासाव्या प्रयोगाला त्याने मुद्दाम खोकून नायकाचा प्रसंग पाडला म्हणे. नायकाच्या बायकोने हे पोशाखवालीच्या कानात सांगितलं आणि वर बजावलं, "कुणाला बोलू नकोस हं!" म्हणजे तिकीटखिडकीपर्यंत पोचायची सोय झालीच.

माणूस तसा कामाचा पक्का. उजव्या विंगेत तीन पायांचं स्टूल, मांडीवर वही, हातात छोटी बॅटरी. वाक्य असं सोडायचा की नटाच्या कानात पडावं आणि पहिल्या रांगेला पत्ताही लागू नये. पण तिथे दाबून ठेवलेला आवाज घरी दामदुपटीने बाहेर पडायचा, आणि तो पडायचा साडूवर. साडू वरच्याच मजल्यावर राहायचे. जेवण झालं की ते खिशातून गोळ्यांची डबी काढत, आणि हा सगळ्यांदेखत म्हणे, "आला फिरता दवाखाना! काय साडूभाऊ, आज कुठल्या रंगाची?" पोरंटोरं खिदळायची. साडूही हसायचे, आणि गोळी गिळायचे.

मग एक दिवस, हा दिवसा नोकरी करायचा त्या कचेरीत, आरोग्यतपासणीवाले आले. दंडाला पट्टा बांधला, नर्सने दोनदा मोजलं, चिठ्ठीवर आकडे लिहिले आणि म्हणाली, "रक्तदाब बराच वर आहे. लवकर डॉक्टरांना दाखवा." याने चिठ्ठी चष्म्याच्या घरात कोंबली. रक्तदाबाचं काही नाही हो, पण साडूला तोंड कसं दाखवायचं?

शेवटी बहाद्दराने काय करावं! पाणी प्यायच्या निमित्ताने वर गेला, साडूंच्या गोळीचं नाव वाचलं (पाठांतराला काय तोटा होता!) आणि चार गल्ल्या पलीकडच्या औषधवाल्याला "मोठ्या भावाला हवीय" असं सांगून पाकीट आणलं. तेही चष्म्याच्या घरात. रोज सकाळी न्हाणीघराला कडी लावून एक गोळी.

महिन्याभराने खोकला लागला. कोरडा. कफ नाही, ताप नाही, नुसतं घशात कुणी पीस फिरवल्यासारखं. मध झाला, गुळण्या झाल्या, चोखायच्या वड्या झाल्या.

"अहो, दोन महिने होत आले," बायको म्हणाली. "दाखवून या एकदा."

"विंगेत धूळ असते गं."

"बावीस वर्षं काय तिथे अत्तर होतं?"

त्या नाटकात बाप मुलाचं शेवटचं पत्र उभ्याने वाचतो. अर्धं मिनिट शब्द नाही. तेवढ्या शांततेसाठी लोक पुन्हा पुन्हा यायचे. पन्नासाव्या प्रयोगाला नायकाने पत्र उघडलं आणि इकडे घशात पीस फिरलं. याने तोंडात रुमाल कोंबला, डोळ्यांतून पाणी आलं, पण खोकला आलाच. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "पत्रात औषध लिहून दिलंय वाटतं!" सगळं सभागृह हसलं.

पडदा पडल्यावर रंगपटात दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या, "बरं नसेल तर सांगा. डॉक्टरांकडे जाऊन या, स्टूल तुमचंच आहे. पण मुद्दाम केलं असेल तर वही इथे ठेवा."

याने विचार केला. डॉक्टर म्हणजे औषधांची चौकशी, चौकशी म्हणजे बायकोला कळणार, बायकोला कळलं की वरच्या मजल्यावर जाणार. जळका म्हणवून घेणं त्याला परवडलं, गोळीवाला म्हणवून घेणं नाही.

"मुद्दाम केलं," तो म्हणाला, आणि वही ठेवली.

बायकोला पटेना. "मुद्दाम खोकणारा माणूस झोपेत कशाला खोकेल?" तिने बहिणीच्या नवऱ्यालाच गाठलं. "भावोजी, यांना तुम्हीच न्या. तुम्हाला सगळे डॉक्टर ठाऊक."

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. "ताप येतो? वजन उतरलं? थुंकीतून रक्त? दम लागतो?"

"नाही."

"नसलं तरी तीन आठवड्यांपुढचा खोकला अंगावर काढायचा नसतो. औषधं कुठली चालू आहेत?"

"एकही नाही."

साडू उठले. "मी बाहेर बसतो." दारापाशी गेल्यावर वळूनही न बघता म्हणाले, "चष्म्याचं घर दाखवा त्यांना."

याचे कान तापले. घर उघडून टेबलावर ठेवलं.

"ही कुणी लिहून दिली?"

"साडूंची बघून घेतली."

"साडूंचा चष्मा बसेल तुम्हाला?"

"नाही."

"मग गोळी कशी बसेल?" त्यांनी रक्तदाब मोजला, मान हलवली. "या गोळीने काही जणांना असाच कोरडा खोकला येतो. दुसरी देते. छातीचा फोटो आणि रक्ताची तपासणीही करू, अंदाजावर नको सोडायला. आणि आपल्या मनाने गोळी सुरू करायची नाही, बंदही करायची नाही. कळलं?"

बाहेर बाकावर साडू बसले होते. हा शेजारी बसला, दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"तुम्ही चष्मा काढताना दिसलं एकदा. माझ्याच गोळीचं पाकीट मला ओळखू येणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुम्हीच सांगाल. मला सांगायला कसली लाज?"

याने नव्या गोळीची चिठ्ठी पुढे केली. साडूंनी ती वाचून विचारलं, "नवी कधी घ्यायची सांगितलीय? सकाळी?"

"सकाळी."

"मग चहाला वर या. बरोबरच घेऊ."

फोटोत काही निघालं नाही. नवी गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि खोकला थांबला. मग तो रंगपटात गेला आणि सगळ्यांसमोर, नायकासमोरही, गोळीचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, पण स्टुलावर आता पोशाखवाली बसते, आणि तिचं काम चांगलं चालतं. नायकाच्या बायकोने त्याच संध्याकाळी म्हटलं, "बनाव चांगला रचलाय."

त्याला रक्तदाब होता. डॉक्टरांना न विचारता तो साडूची गोळी घेत होता. खोकला त्या गोळीचा होता.