शशकातला डाळिंबी तारा

परवा बारामतीहून इंदापूरकडे येताना उसाच्या पेटलेल्या पाचटाचा वास मोटारीत शिरला आणि मला नव्वदच्या दशकातली शेळगावची एक माघातली संध्याकाळ आठवली.

ऊस तुटून गेला होता. चाळिशीत आकाशनिरीक्षण शिकू लागलेली मी, गच्चीवर दुर्बीण घेऊन उभी होते. मृगाच्या पायाशी शशक, म्हणजे सशाचा तारकासमूह असतो. त्यातले दोन तारे जोडून रेषा पश्चिमेकडे वाढवली की एक अंधूक लाल तारा लागतो, असे वाचले होते. मागचे दोन हिवाळे तो मला सापडला नव्हता.

खालून धाकटे दीर ओरडले, "वहिनी, घावला का तारा? वारा पडलाय तवर पाचट पेटवायचं हाय. धूर झाला की एक चांदणी दिसायची न्हाय!"

"जरा थांबता का, भाऊजी?" मी चाचरत म्हणाले.

घाईत दुर्बिणीचे फोकसचे चक्र जास्त फिरले आणि सारे तारे पसरट झाले. त्या पांढुरक्या ठिपक्यांत एकच ठिपका डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता! मी नेहमी तारे टोकदार करून पाहत असे. अंधूक ताऱ्याचा रंग मात्र तो किंचित पसरल्यावरच कळतो, हे तेव्हा उमगले.

"घावला!" मी ओरडले.

भाऊजी धावत वर आले. "आयला, खरंच लाल हाय की!"

मग सारी वस्ती लोटली. तेव्हा मला त्या ताऱ्याचाच अभिमान वाटला होता. आज आठवतो तो जिन्यावरचा गलका, आणि त्यावर "ढकलू नका, एकेक जण या!" असे दरडावणारा माझा स्वतःचा आवाज.