हात बिडीवर, ध्यान श्वासावर

कामठ्याच्या समाजमंदिरात रोज सकाळी साडेपाचला दहा-बारा चटया अंथरल्या जायच्या आणि त्यांच्यासमोर श्यामलाल पाठ ताठ करून बसायचा. आठवी नापास झालेला, गोंदियाच्या राईस मिलमध्ये सव्वीस वर्षं घासलेला माणूस, पण वात-पित्त-कफावर बोलायला लागला की शिकल्यासवरल्या वैद्यानंही गप्प बसावं. गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्याला योगावाले भाऊ म्हणत. रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून तो जीभ बाहेर काढायला लावी आणि तुझं पित्त खवळलं आहे, मिरची सोड, असं सांगून मोकळा होई. चहाच्या टपरीवर पोरं त्याला मुद्दाम जीभ दाखवत. तो रागावत नसे, पाहून घेई आणि खरोखर सल्ला देई.

त्याचा हा नाद उगाच नव्हता. मिलमध्ये तो पॉलिशच्या मशिनीवर होता. तिथं दिवसभर कोंडा उडे, केसांत, पापण्यांत, भाकरीच्या फडक्यातही जाऊन बसे. पन्नाशीला टेकेपर्यंत त्याची छाती शिट्टी वाजवायला लागली. चार पायऱ्या चढला की पाचवीवर बसावं लागे. मिलमधल्याच चुन्नीलाल नावाच्या हमालानं त्याला एकदा गोंदियाच्या मैदानावर भरलेल्या सकाळच्या शिबिरात ओढत नेलं. तिथं तो अनुलोम-विलोम शिकला, कपालभाती शिकला, कफ वाढवणारं काय आणि कमी करणारं काय याची यादी वहीत उतरवून आला. त्याच महिन्यात भावाभावांत वाटण्या झाल्या आणि मिल सोडून तो वाट्याला आलेली दोन एकर धानाची बांधी कसायला गावी परतला. चार महिन्यांत छातीची शिट्टी बंद झाली. त्यानं हात जोडले ते प्राणायामाला. उपकार विसरणारा माणूस तो नव्हताच, म्हणून वर्ग सुरू केला, फुकट.

पहिल्या दिवशी वर्गाला एकटी त्याची बायको आली, नंदाबाई. पहिल्या रांगेत, त्याच्या अगदी समोर बसली.

नंदाबाई अकरा वर्षांची असल्यापासून बिडी वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी रात्रभर भिजवलेली तेंदूची पानं आणि कात्री. बोटं अशी चालत की बोलताना, भांडताना, पाहुण्याला पाणी विचारतानाही थांबत नसत. तिला खोकला होता. तो इतका जुना होता की घरात त्याची दखल घेणं कधीच बंद झालं होतं. श्यामलालनं मात्र शिबिरातून आल्यावर ती दखल घेतली. तुझी कफाची प्रकृती आहे, असं त्यानं तिला सांगितलं आणि दही बंद केलं, केळी बंद केली, आणि तिला जीव की प्राण असलेला रात्रीचा पाणी घातलेला शिळा भातही बंद केला. सकाळी सुंठीचं पाणी, संध्याकाळी अडुळशाचा रस. कफ वाढवणारी एकही वस्तू घरात राहू नये म्हणून त्यानं फळी न् फळी तपासली. त्याच फळीखाली तंबाखूचा पत्र्याचा डबा होता. तो त्यानं झाडता झाडता बाजूला सरकवला आणि झाडून झाल्यावर पुन्हा जागेवर ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी कसा असतो?

वर्गाला बाया येईनात. कारण सरळ होतं, बिडीचा हप्त्याचा माल पुरा करायचा तर सकाळचा तासभर कोण घालवणार? श्यामलालनं डोकं चालवलं. लांब श्वास घ्यायला आसन कशाला, मंत्र कशाला? सूप मांडीवर असतानाच घ्या. पाठ सरळ, तोंड बंद, नाकानं पोटापर्यंत श्वास ओढायचा, चार मोजायचे, सोडायचा. एका बिडीला एक श्वास. त्यानं समाजमंदिराच्या भिंतीवर निळ्या रंगानं लिहूनही टाकलं, 'हात बिडीवर, ध्यान श्वासावर'. बायांना हे पटलं. आळीतल्या ओट्यांवर, सुपापुढं बसून, खाली तंबाखूवर मान घालून त्या लांब लांब श्वास घ्यायला लागल्या. सगळ्यांत नेमानं घेई ती नंदाबाई. एका बिडीला एक, हजार बिड्यांना हजार. नवऱ्यानं शिकवलेलं होतं ते.

वर्गाची एक रीत होती. शेवटी सगळ्यांनी भ्रामरी करायची, डोळे मिटून, ओठ मिटून, गळ्यातून गुणगुण. मग श्यामलाल डोळे न उघडताच विचारी, "कसं वाटते?" आणि सगळे एका सुरात म्हणत, "बरं वाटते जी." त्यात नंदाबाईचा आवाज त्याला वेगळा ओळखू येई. कुणी नवा माणूस शंका काढायला लागला की तो तिच्याकडे बोट दाखवी. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणे, माझी घरवालीच पहा, खोकला निम्म्यावर आला आहे. नंदाबाई मान हलवी.

पाचेक वर्षांत ती पहिल्या रांगेतून दुसरीत गेली, दुसरीतून शेवटच्या. नव्या बायांना जागा देते म्हणून श्यामलालला तिचं कौतुक वाटलं. शेवटच्या रांगेमागं भिंत होती. तिथं पाठ टेकता येते आणि खोकला पदरात दाबता येतो, हे त्याला कुठून दिसणार? वर्ग चालू असताना त्याचे डोळे मिटलेले असत.

दिसलं ते दामिनीला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला. तिला केशोरीला दिलेली. दिवाळीत ती चार दिवसांसाठी आली आणि पहिल्याच पहाटे तिनं पाहिलं की आई आडवी झोपतच नाही, भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या डुलक्या घेते. ती बापावर अशी कडाडली की शेजारची देवकाबाई भिंतीपलीकडून काय झालं म्हणून विचारू लागली. श्यामलाल तिला समजावत राहिला की थंडीत कफ वाढतो, आपण सुंठीचं प्रमाण वाढवू. दामिनीनं ऐकून घेतलं नाही. ऑटो बोलावला आणि दोघांना गोंदियाला घेऊन गेली.

डॉक्टरीण तरुण होती, दामिनीच्याच वयाची. बेडका तपासला, छातीचा फोटो काढला, एका नळीत फुंकायला लावलं. नंदाबाईची फुंक त्या नळीत जेमतेम पोचली. क्षय नाही म्हटल्यावर श्यामलालचा जीव भांड्यात पडला आणि त्याला बोलायला बळ आलं. त्यानं आपली सगळी हकीकत सांगितली, छातीची शिट्टी, शिबिर, चार महिने. मग अभिमानानं पुढं म्हणाला, "हिलेही शिकवलं हाय जी मीनं. काम करता करताही लांब सास घेते. एका बिडीले एक."

डॉक्टरणीचा पेन थांबला.

"बिडी किती वर्षं वळता तुम्ही?" तिनं नंदाबाईला विचारलं. नंदाबाईनं बोटं मोजायला घेतली, मग सोडून दिली. दामिनीनं सांगितलं, पंचेचाळीस तरी. डॉक्टरीण पुन्हा श्यामलालकडे वळली आणि त्यानं मिल कधी सोडली ते तिनं विचारलं.

"तवाच," तो म्हणाला, "शिबिर झालं त्याच महिन्यात."

हे वाक्य त्यानं आजवर कधी मोठ्यानं उच्चारलंच नव्हतं. उच्चारलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं.

डॉक्टरीण खवळली नाही. खवळली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, प्राणायाम वाईट नाही. पण तुम्ही धूळ सोडली म्हणून तुमची छाती मोकळी झाली. आणि यांनी तुमचं ऐकून तंबाखूची धूळ पोटापर्यंत ओढली." मग तिनं कागदावर औषधं लिहिली, पंपातून औषध कसं ओढायचं ते दाखवलं, घरी प्राणवायूचं मशीन लागेल असं सांगितलं. फुप्फुसं आता मागं फिरणार नाहीत, आहे तेवढं जपायचं, हेही सांगितलं. श्यामलालनं यातलं निम्मंच ऐकलं.

घरी आल्याबरोबर त्यानं तंबाखूचा डबा, सूप, पानं, कात्री सगळं उचललं आणि अंगणात नेऊन ठेवलं. नंदाबाई खाटेवर बसून पाहत होती. उरलेला माल बिडी कारखान्याच्या माणसाला परत करा, फेकू नका, असं तिनं सांगितलं. एवढं बोलायला तिला तीन वेळा थांबावं लागलं. तो येऊन तिच्यापुढं जमिनीवर बसला, वर्गात बसत असे तसाच.

"नंदा, तुले कधीपासून समजलं होतं?"

"काय जी?"

"का बरं वाटत नाही म्हून."

"दुसऱ्याच वर्षी."

"मंग रोज बरं वाटते, बरं वाटते, काऊन म्हनत होतीस?"

"मिलमधून आले तवा तुमी कोनाशी बोलत नव्हते जी," ती थांबत थांबत म्हणाली. "आठ-आठ दिवस. मले भेव वाटे. मंग थो वर्ग सुरू झाला आन तुमी हासाले लागले. मीच नाही म्हनली असती, त कोन बसलं असतं तुमच्या समोर?"

श्यामलाल तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला. लाज बाळगली नाही. आयुष्यभर तिनं त्याच्या पाया पडायची रीत पाळली होती, म्हणून ती पाय मागं घ्यायला धडपडली आणि त्या धडपडीनंही तिला धाप लागली.

त्यानंतर ती वर्षाला चार दिवस कमी एवढी जगली. प्राणवायूचं मशीन खाटेजवळ घुरघुरत असे आणि श्यामलाल त्याच्याजवळ बसून तिचे श्वास मोजत असे, मिनिटाला किती. अठ्ठावीस झाले की डॉक्टरणीला फोन करायचा, असं ठरलं होतं. धानाला किती पाणी लागतं, रोवणी कधी झाली, त्याचं त्याला भान नव्हतं. शेत दामिनीच्या नवऱ्यानं येऊन-जाऊन पाहिलं. शिळा भात त्यानं तिला आपल्या हातानं भरवला, कांदा आणि मीठ घालून. आठ वर्षांनी खाल्ला तो तिनं. दोन घास गेले. तिसऱ्याला ती मान हलवून म्हणाली की चव तीच आहे. धान कापणीला आलं तेव्हा ती गेली. मशीन बंद केल्यावर घरात एवढी शांतता झाली की श्यामलालनं ते पुन्हा सुरू केलं. दामिनीनं येऊन बंद केलं.

तेरवी झाली, महिना झाला. तो समाजमंदिराकडे फिरकला नाही. भिंतीवरची निळी ओळ दिसू नये म्हणून दुकानात जायचं तर तो मागच्या गल्लीनं जाई. जीभ दाखवणारी पोरंही त्याला पाहून गप्प होत. शेवटी देवकाबाई दारात आली. चटया उंदीर कुरतडत आहेत म्हणाली, आणि उद्या सकाळी आम्ही सगळ्या येतो, तुम्हीही या, एवढं सांगून उत्तराची वाट न पाहता गेली.

दुसऱ्या दिवशी तो गेला, तो त्यांना सांगायला. रात्रीतून त्यानं शब्द जुळवले होते. पण बाया बसलेल्या पाहून त्याला ते फुटेनात, म्हणून सवयीनं त्यानं प्राणायाम सुरू केला. हलके हलके, बेतानं. मग भ्रामरी आली. सगळ्यांनी डोळे मिटले. श्यामलालनं आज मिटले नाहीत. वर्ग सुरू केल्यापासून पहिल्यांदाच.

गुणगुण चालू झाली. तो एकेक चेहरा पाहत गेला. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, देवकाबाई बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते, चेहरा शांत होता, आणि गळ्यातून काही निघत नव्हतं. खांदे तेवढे वरखाली होत होते. दुसऱ्यांची गुणगुण संपली तशी तिनंही डोळे उघडले, बरोबर वेळेवर.

"कसं वाटते?" त्यानं विचारलं.

"बरं वाटते जी," सगळ्या म्हणाल्या. देवकाबाईही म्हणाली.

तो उठून चटयांमधून वाट काढत तिच्यापुढं जाऊन बसला. जुळवून आणलेलं सगळं विसरला. मीनं नंदाले मारलं, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला, आणि ती निळी ओळ खोटी आहे, आज पुसतो, हेही म्हणाला. मग त्यानं देवकाबाईला विचारलं, "तू खरं सांग, बाई."

देवकाबाई चटईची काडी उपसत राहिली. "बरं नाही वाटत, भाऊ. दोन वर्सं झाली." मग खालीच पाहत म्हणाली, "आज त आमी तुमाले बरं वाटावं म्हून आलो जी."

आजचा माल पुरा व्हायचा आहे, उद्या जाऊ, असं ती पुष्कळ म्हणाली. श्यामलालनं ऐकलं नाही. तिच्या सुनेला सांगून त्यानं तिला नऊच्या बसमध्ये बसवलं, खिडकीजवळ, आणि आपण शेजारी बसला. तिचे श्वास मोजायचे नाहीत असं त्यानं ठरवलं होतं. गोंदिया येईपर्यंत तो मोजत राहिला.