रुखवतातली तीन पुस्तकं

माझ्याकडे तीन पुस्तकं होती. एक गुलाबाचं, एक परसबागेचं आणि एक केक-बिस्किटांचं. धुळ्याच्या बसस्टँडाजवळ जुन्या पुस्तकांची लोटगाडी लागायची, तिथून एकेक करून आणलेली. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण वाचायचं वेड काही सुटलं नाही. आता सुनेच्या हातात कादंबरी दिसली असती तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. स्वयंपाकाचं नाहीतर बागेचं पुस्तक दिसलं की मात्र बाई कामातच आहे असं सगळ्यांना वाटायचं. म्हणून मी तीच वाचत गेले आणि तीच आवडत गेली.

आमचे हे विचारायचे, "मग? आज काय करणार त्यातलं?"

काही करायचं नव्हतं हो मला. नुसतं वाचायचं होतं. बाहेर मे महिन्यात पत्रा चटचट वाजतोय आणि मी वाचतेय, बर्फ पडायच्या आधी गुलाबाच्या मुळाशी पेंढा कसा अंथरावा. आमच्या धुळ्यात बर्फ! पण वाचताना पावलं गार पडल्यासारखी वाटायची, खोटं नाही सांगत. आणि एक गोष्ट मला फार आवडायची. त्या पुस्तकातली बाई कधीच घाईत नसते. तिला लोणी फेसायला सांगतात, मग पीठ झाकून बाजूला ठेवायला सांगतात, आणि मग चक्क थांबायला सांगतात. थांबायला! मला जन्मात कुणी थांब म्हटलेलं नाही. पुस्तकातल्या बाईला मध्येच कुणी चहा मागत नाही, पाहुणे आले म्हणून हाक मारत नाही.

ओव्हन आमच्याकडे कुठला असणार? दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून मी मोहल्ल्यातल्या बेकरीवर नानकटाई भाजायला न्यायची, तेवढीच माझी भट्टीशी ओळख. एकदा पुस्तकच बरोबर नेलं. तिथल्या चाचांनी तीन मजली केकचं चित्र लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "अक्का, ये तो शादी का मंडप है! इस में दूल्हा किधर बैठेगा?" रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले.

हे सगळं वाचायला मला एक जोडीदारीण होती, माझी मुलगी. दुपारी भांडी आटोपली की आम्ही दोघी ओसरीवर पालथ्या पडून पानं उलटायचो. ती लहान असताना गुलाबाच्या चित्राला नाक लावून वास घ्यायची आणि म्हणायची, "आई, हा वाला आंबट आहे." घरात तेवढा एक तास आमचा होता.

तिचं लग्न दोंडाईच्याला ठरलं तेव्हा पुस्तकं तिलाच द्यायची हे मनात पक्कं होतं. पण द्यायची कशी? बॅगेत घातली तर सासरचे म्हणणार, पोरगी पुस्तकं घेऊन आली, काम काय करणार. मग मी डोकं चालवलं. रुखवतात मांडू. लाडू-करंज्यांच्या ताटांशेजारी, सजवलेल्या नारळाच्या बाजूला, तिन्ही पुस्तकं रंगीत कागदावर उभी केली. स्वयंपाकाची, बागेची पुस्तकं म्हटल्यावर सगळे म्हणाले, वा, मुलगी हौशी दिसते. विहीणबाईंनीही हात लावून बघितली. मी मनात म्हटलं, जमलं.

काय जमलं डोंबल! रुखवतात मांडलेलं मुलीचं नसतं, ते सासरचं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण पुस्तकांनाही तो नियम लागेल असं काही डोक्यात आलं नाही. लाडू वाटून संपले आणि पुस्तकं शोकेसमध्ये गेली. थर्माकोलचं देऊळ, मण्यांचा मोर, मधे माझी पुस्तकं. ते काचेचं शोकेसही आम्हीच दिलेलं. त्याला कुलूप आणि किल्ली विहीणबाईंच्या कमरेला.

मुलीला एक-दोनदा विचारलं, वाचतेस का गं? ती म्हणायची, "वेळ कुठे असतो आई." लेकीच्या घरी जास्त विचारू नये म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. आवाज अगदी लहानपणचा. "आई, आम्ही ओव्हन घेतला! बाळाच्या वाढदिवसाला ये. तुझ्या पुस्तकातला तो वेलदोड्याचा केक करू आपण दोघी." मी सकाळचीच बस धरली. वाटेतलं सोनगीर कधी गेलं कळलं नाही. डोळ्यांपुढे ते पान होतं, डाव्या कोपऱ्यात तेलाचा डाग असलेलं.

पोचल्यावर पाणी घेतलं, नातवाचा मुका घेतला आणि विहीणबाईंना म्हटलं, "तेवढं केकचं पुस्तक काढून देता का? करून झालं की परत ठेवते."

त्या पलंगावर शेंगा फोडत बसल्या होत्या. "अहो विहीणबाई, दिलेलं परत मागायला आल्या का काय?"

"परत नाही हो. वाचायला."

"वाचायला? आता परीक्षा देणार का तुम्ही?" आणि मग मोठ्याने हसून, जवळ बसलेल्या मुलीच्या नणंदेकडे बघत, "बठ्ठं तुम्हनंच शे, लई जा!" सगळं तुमचंच आहे, घेऊन जा म्हणे.

किल्ली मिळाली. मुलीने कुलूप काढलं. मी केकचं पुस्तक उचललं तर हाताला हलकं लागलं, अगदी रिकाम्या खोक्यासारखं. उघडलं आणि आतून भसकन माती पडली. माझ्या पायावर, साडीवर, फरशीवर. वाळवी भिंतीतून मागच्या फळीत शिरली होती आणि आतल्या आत सगळं खाऊन गेली होती. पुढून बघणाऱ्याला तिन्ही पुस्तकं जशीच्या तशी. गुलाबाच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ तर नव्यासारखं चकचकीत होतं. त्याच्यामागे चार बोटं पान शिल्लक नव्हतं.

विहीणबाई शेंगा टाकून धावत आल्या. मला वाटलं, काही तरी बोलतील. बोलल्या. "बाई बाई बाई! मोराला लागली नाही ना?" मोर उलटासुलटा करून बघितला. मग माझ्याकडे वळल्या. "जुन्या पुस्तकांतूनच आली असेल वाळवी. लोकांच्या घरात द्यायचं तर जरा बघून द्यावं माणसाने."

मी फरशीवरची माती गोळा करायला बसले. लेकीचं घर.

वाढदिवस झाला. केक दुकानातून आला, वर नातवाचा फोटो छापलेला. सगळ्यांनी आधी फोटोतला कान कापला आणि सगळे हसले. ओव्हनवर क्रोशाचं कापड होतं, ते तसंच राहिलं.

संध्याकाळी मी आणि मुलगी मागच्या मोरीपाशी होतो. ती भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मला माहीत होतं."

"काय?"

"फळीखाली माती पडायची. रोज झाडताना मी पुसून घ्यायचे."

"किती दिवसांपासून?"

"लई दिवस."

"अगं, मग मला सांगायचं! तुझ्या सासूबाईंना सांगायचं!"

तिने पातेलं धुऊन पालथं घातलं. "सांगून काय झालं असतं? किल्ली मागितली म्हणून घरात बोलणं झालं असतं. मी तुला फोन केला असता आणि तू म्हणाली असतीस, जाऊ दे गं, पुस्तकंच तर आहेत."

मी हेच म्हटलं असतं. शब्दन् शब्द हेच.

"मग केक करायला कशाला बोलावलंस मला?"

"मला वाटलं, मधली पानं राहिली असतील," ती म्हणाली आणि आतून हाक आली तशी हात पुसत गेली.

निघताना विहीणबाईंनी एक कॅरीबॅग हातात दिली, घट्ट गाठ मारलेली. "घ्या तुमची पुस्तकं. बाकीच्या वस्तूंना नको लागायला." पुस्तकं परत मिळाली ती अशी. लेक दारात उभी होती. तिने पिशवीकडे बघितलंही नाही.

घरी येऊन मी ती पिशवी गच्चीत ठेवली. पातळ पिशवीतून बघत शेजारीण म्हणाली, "अक्का, माती बारीक दिसते छान, कुंडीत टाकून द्या." मी नाही म्हटलं. वाळवीची माती कुंडीत घालू नये, मुळं खाते. गुलाबाच्या पुस्तकात होतं ते. दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली तेव्हा पिशवी गाठ न सोडता तिच्यात टाकली.