हिराबाईला भाव कोणी वाचून दाखवले?

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आले. लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलेली मी... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

साल शहात्तर असावं. कर्जतजवळ कडावला आमचं किराणा दुकान होतं. बाहेर भावांचा फळा लावायचा हट्ट माझा — गिऱ्हाईकाने आपला आपण भाव बघावा, मग मागावं. यांनी लगेच फळा रंगवून आणला. "तुझं अक्षर बघून लोक येतील," म्हणाले. रोज सकाळी भाव मी लिहायचे आणि घरात जायचे. दुकानात हे.

एका दुपारी हे जेवायला बसले म्हणून मी दुकानात आले. तेवढ्यात कर्जतहून माल आला. गुळाचा भाव उतरला होता. तीन रुपये पुसून मी दोन चाळीस लिहिलं आणि आत येऊन गल्ल्यावर बसले.

डोंगराकडच्या वाडीवरची हिराबाई आली. सही म्हणून अंगठा उठवणारी बाई. फळ्यासमोर मान कलती करून उभी राहिली, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

"वयनी, गूळ दोन चाळीस, तूरडाळ तीन दहा... मंग शेट मला डाळ चारला का वो देतात?"

"हिराबाई, तुम्हाला वाचता येतं?"

"नाय वो. ही बाय वाचतेय ना."

तिने फळ्याच्या डाव्या बाजूला बोट दाखवलं. तिथे कोणीही नव्हतं. नुसतं ऊन. तरी ती ऐकत ऐकत पार खालच्या मिठापर्यंत भाव बोलत गेली — एकही चुकला नाही.

हे हात पुसत बाहेर आले. मी विचारलं, "डाळ चारला देता?"

"वाचता येतं त्यांच्यासाठी फळा आहे," हे शांतपणे म्हणाले. हिराबाई समोर असताना.

वाडीवरच्या बायका इतके दिवस काय म्हणत असतील... वयनीनं लिहिलंय, म्हणजे खरंच असणार. माझ्या अक्षराआड हे त्यांना लुबाडत होते, आणि मी त्याच कौतुकावर खूश होते.

मी हिराबाईला तीन दहाने डाळ दिली. त्यानंतर खडू हातात घेतला नाही. संसार चालला, पण यांच्या कुठल्याच शब्दावर पुन्हा विश्वास बसला नाही.

पुढे हिराबाईला खूपदा विचारलं, ती बाई कोण होती? ती म्हणायची, "मला काय ठावं? तुमच्याकडंच बघत व्हती. मला वाटलं, तुमचीच कोणी हाय."

माझ्या तर माहेरचं कोणी उरलं नव्हतं. मग माझ्याकडे बघत कोण उभं होतं... मला आजही सांगता येत नाही.