रांजणावर लिहिलेला पासवर्ड

केजला आमच्या दुकानापुढं पाण्याचा रांजण असतो. बाजाराला आलेला, जीपची वाट बघणारा, शेरडं घेऊन निघालेला, कुणीही यावं, पाणी प्यावं आणि वाटेला लागावं. सासऱ्यांच्या वेळेपासूनची ही रीत, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घरात वायफाय आलं आणि आमच्या मालकांनी त्याचा पासवर्ड खडूनं रांजणाच्या वर भिंतीवर लिहून टाकला. पासवर्ड तरी काय, देवाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन!

लेक भडकली. कनेक्शन तिच्याच नावावर होतं, पोलीस भरतीच्या अभ्यासासाठी तिनंच आधार कार्ड देऊन घेतलेलं. "अप्पा, हे पाणी न्हाई," ती म्हणाली. "कुणी काय बी उद्योग केला तर नाव माझं येतंय."

"अगं, दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणायचं? आन् दिल्यानं संपतंय का ते?" असं म्हणून मालक वजनं मांडायला लागले.

मला राग यायचा तो ओट्यावरच्या गर्दीचा. माना खाली घालून, मोबाइलात डोळे खुपसून बसलेली माणसं. गिऱ्हाईक आलं तरी सरकायची नाहीत. "ओटा काय आंदण दिलाय का तुमाला?" म्हणून मी ओरडायचे. ते हसायचे, जरासे सरकायचे आणि पुन्हा तिथंच.

पुढं लेकीची निवड झाली. गल्लीभर पेढे वाटले. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. आणि नेमके त्याच आठवड्यात बीडहून सायबरचे पोलीस दुकानात आले. गल्लीतल्याच एका मुलीचा फोटो लावून कुणीतरी खोटं खातं उघडलं होतं, आणि त्यावर तिच्याबद्दल नको नको ते लिहिलं होतं. ते सगळं आमच्या वायफायवरून गेलेलं. आणि वायफाय लेकीच्या नावावर.

थंडी म्हणू नका, ऊन म्हणू नका, वडवणीच्या रस्त्यानं धावून धावून पोरीनं पाय सोलून घेतले होते. अंगावर वर्दी चढायच्या आत तिचं नाव गुन्ह्याच्या कागदात जाणार होतं. पोलिसांनी घरातले सगळे फोन बघितले, काही निघालं नाही. साहेब तसा सरळ माणूस. म्हणाला, "ताई, बाहेरची माणसं वापरतात म्हणता, मग त्यांनी येऊन तसं सांगू द्या. नुसतं तुमच्या शब्दावर मी काय करू?"

मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना! अख्खी गल्ली येईल. मी घरोघर निघाले.

"आमी? छ्या! आमचा पॅक असतोय वहिनी." हे पहिल्याच घरात. जिच्या सगळ्या मालिका आमच्या वायफायवर चालतात, तिनं देवाशपथ घेतली. समोरचा शेजारी म्हणाला, "पोलिसाच्या भानगडीत आमी कावून पडायचं?" आणि हे बोलताना त्याच्या हातातल्या मोबाइलात व्हिडिओ आमच्याच वायफायवर चालू होता! माझं टाळकं सटकलं. "जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा!" असं त्याच्या दारात ओरडून मी घरी आले आणि ढसाढसा रडले. मालक ओलं फडकं घेऊन भिंत पुसत होते.

एका घरी तेवढी मी गेले नव्हते, त्या मुलीच्या. कुठल्या तोंडानं जाणार? आमच्याच वायफायवरून तिची अब्रू चव्हाट्यावर गेली होती. तिचं कॉलेज सुटलं होतं, तिच्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस परत आले, तेव्हा तीच मुलगी दुकानाची पायरी चढून आली. ओट्यावर नेहमीची माणसं होतीच. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "साहेब, यांचं वायफाय मी बी वापरते. परीक्षेचा फॉर्म मी इथंच उभं राहून भरलाय. आन् एकटी मीच न्हाई." मग तिनं एकेका घराकडं बोट दाखवून सांगितलं. ओट्यावरचा एक जण उठायला लागला, तर पोलिसांनी त्याला खाली बसवलं.

मग कुठं लोकांच्या तोंडाची कुलपं निघाली. फोन तपासले गेले. ज्यानं हे केलं तो रोज आमच्या रांजणाचं पाणी पिऊन मला काकू म्हणणारा निघाला. लेकीची पडताळणी सुरळीत झाली. ट्रेनिंगला जाण्याआधी तिनं लांबलचक नवा पासवर्ड टाकला, वायफायच्या डब्याचा कंपनीकडून आलेला पासवर्डही बदलला, आल्यागेल्यांसाठी वेगळी लाइन करून दिली आणि अप्पांना दम देऊन गेली.

लेकीला एसटीत बसवून मी तडक त्या मुलीच्या घरी गेले. ती मेथी निवडत होती. तिचं कॉलेजला जाणं अजून बंदच होतं. मी म्हटलं, "बाई, एवढाली मोठी माणसं मागं सरली. चारचौघांत उभं राहून बोलायला तुला काहीच कसं वाटलं न्हाई गं?"

तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "काकू, माझं जायचं ते गेलं. म्हटलं, तिचं तरी राहू दे."