गाडीपुढचं लाल फडकं

नवरा गेला, त्यालाही हे माहीत नव्हतं. माझ्या तोंडून आजवर कुणीच ऐकलेलं नाही. आज तुम्हाला का सांगते—ते मलाही धड ठाऊक नाही.

लष्करानं काढून टाकलेला ट्रक आमच्या घरच्यांनी लिलावात घेतला होता, हळद हिंगोलीला न्यायला. गाडी राक्षसासारखी रुंद. आरटीओच्या साहेबानं पास केली, पण अट घातली—मोठ्या सडकेवरच चालवा. गावच्या अरुंद रस्त्यावर आणायची तर पुढं एक माणूस लाल फडकं घेऊन चालला पाहिजे, समोरच्याला थांबवायला. घरात रिकामं माणूस कोण? मी.

गाडी मोठे दीर चालवायचे. त्यांच्याकडं पाठ करून मी कधी उभी राहिले नव्हते, आणि आता फडकं हलवत त्यांच्यापुढं चालायचं! नळावरच्या बाया हसायच्या. "पारूबाई, आज कोणाची वरात काढून राहिली?" मला झोंबायचं. झोंबलं म्हणून काय झालं? काम माझं होतं.

त्या दिवशी नळ जवळ आला तसं मी फडकं कमरेला खोचलं आणि बांधावरून शेतात शिरले. वळणापलीकडं पुन्हा रस्त्याला लागू—असं मनात. दिरांना वाटलं, मी वळणाआड पुढंच आहे.

वळणावर तांड्यावरचा देवला समोरून आला. बैलगाडी, वर कडबा. ट्रकनं गाडी नाल्यात लोटली. एक बैल जागीच मेला. देवलाचा पाय चाकाखाली सापडला.

मी धावले. आणि धावता धावता कमरेचं फडकं काढलं आणि हलवलं. तेव्हा! लोक जमले तेव्हा ते माझ्या हातात होतं. पोलिसानं विचारलं. मी म्हणाले, "म्या दाखिवलं साहेब, त्याचाच डोळा लागला व्हता."

कोणाला खोटं वाटणार? कडब्याच्या गाडीवर माणूस डुलक्या घेतोच. दवाखान्यात गेले तर देवलाच मला म्हणतो, "बाई, माझाच डोळा लागला असंल. तुमाला उगा तकलीफ." मी मान हलवली. व्हय म्हणून हलवली.

पाय अधू राहिला. त्याहून वाईट हे, की त्याच्या हाती पुन्हा कोणी कासरा दिला नाही. परवा तांड्यावर गेले होते. त्याचा लेक गाडी जुंपत होता, देवला पुढं चढायला गेला. "बापू, तुमी मागं बसा. पुन्हा डोळा लागंल." सगळे हसले. देवलाही हसला आणि चाकाला धरून धरून मागं गेला. मीही हसले.

त्याचा डोळा लागला नव्हता. तो गाडीत ताठ उभा होता. दोन्ही हातांनी कासरे ओढत होता आणि ट्रककडं बघून "थांबा, थांबा" ओरडत होता. बांधावरून मला त्याचं तोंड दिसत होतं.